एमआयडीसीहून कुर्तुब्याकडे : आमचे पहिले सहा दिवस

साठीनंतर स्वतः गाडी चालवत युरोप बघायचा, असे जालन्यातल्या मिल कामगाराच्या घरात कोणी बोलून दाखवले, तर लोक आधी हसतात आणि मग काळजी करतात. आमच्या घरी दोन्ही झाले. पुण्याच्या मुलाने फोनवर विचारले, "अब्बा, तुम्हाला दारावरची बेल ऐकू येत नाही, तिकडे हॉर्न कसा ऐकू येणार?" मोहल्ल्यातल्या एका बुजुर्गांनी विचारले, "हज झाला, आता उमरा करा. तिकडे काय ठेवलंय?" दोन्ही प्रश्न रास्त होते. परत आल्यावर तेच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांतून पुन्हा पुन्हा येऊ लागले, म्हणून सविस्तर लिहितो आहोत.

आम्ही दोघे म्हणजे एक मिलवाला आणि एक मास्तरीण. मास्तरीण जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेत मराठी शिकवत असे. मिलवाल्याची सगळी नोकरी जालना एमआयडीसीतल्या सळईच्या मिलमध्ये झाली. ज्यांनी मिल आतून पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. बाहेरून भंगार येते, इंडक्शन भट्टीत वितळते, त्याचे बिलेट ओतले जाते आणि ते तापवून रोलमधून ओढले की घराच्या स्लॅबमध्ये जाते ती सळई तयार होते. लालभडक लोखंड एका रोलमधून दुसऱ्यात शिरते तेव्हा जो आवाज होतो, त्यात शेजारी उभ्या माणसाचे ओरडणेही पोहोचत नाही. म्हणून मिलमध्ये माणसे हाताने बोलतात. मूठ म्हणजे थांब, आडवा तळवा म्हणजे हळू, बोट फिरवले की चालू कर, कानाजवळ हात नेऊन हलवला की भोंगा झाला, पाळी संपली.

बारा-बारा तासांच्या पाळ्यांनी हळूहळू कान नेले. या प्रकारच्या बहिरेपणात आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज जातात. म्हणजे बायकांचे आणि लहान मुलांचे. सायबाचा भारदस्त आवाज ऐकू येतो, पण बायकोचा नाही, आणि घरातल्यांना वाटते माणूस मुद्दाम ऐकत नाही. इथे एक गोष्ट मधेच सांगितली पाहिजे. आवाजामुळे येणारा बहिरेपणा १९४८ च्या कारखाना अधिनियमातल्या व्यावसायिक आजारांच्या यादीत होता आणि कामगार नुकसानभरपाईच्या कायद्यातही त्याला जागा आहे. मिलमध्ये काम करणाऱ्या किती घरांना हे माहीत आहे? ज्यांची मुले आज त्या शेडमध्ये उभी राहतात त्यांनी वर्षाला एकदा ऑडिओग्रॅम करून कागद जपून ठेवावा आणि कापूस कोंबण्याऐवजी नीट इअरमफ मागावेत.

निवृत्तीनंतरचे पहिले वर्ष आम्हा दोघांनाही जड गेले. टीव्ही मोठ्याने, त्यावरून वाद. बोललेले कळले नाही की मिलवाला नुसता "हौ, हौ" म्हणे. पुढे लग्नकार्यात जाणे बंद झाले, मग मस्जिदीबाहेर नमाजनंतर घटकाभर उभे राहणेही. मशीन बसवून घेतले, पण गर्दीत सगळेच आवाज एकदम वाढतात म्हणून ते खिशातच राही. तो घरात होता आणि नव्हता. छत्तीस वर्षांच्या संसारात आम्ही सलग आठ तास शेजारी बसलो होतो ते हजच्या विमानात, २०१९ साली.

सहलीची कल्पना मास्तरिणीची. तिने आधी सहल कंपन्यांची पत्रके आणली. मिलवाल्याने ती बाजूला सारली, कारण बसमध्ये गाईड माईकवर बोलतो आणि ते त्याला कळत नाही, बस नमाजच्या वेळी थांबत नाही, आणि साठीनंतर लघवीला थांबायचे असते तेव्हाही थांबत नाही. शेवटचे कारण सांगायला लोक लाजतात, पण आमच्या वयात सहलीचा अर्धा आनंद त्यावर ठरतो. स्वतःची गाडी असली की या तिन्ही अडचणी सुटतात. देश मात्र मास्तरिणीनेच निवडला. आयुष्यभर तिच्या शाळेतल्या उर्दूच्या सहकारी अल्लामा इकबाल यांची 'मस्जिद-ए-कुर्तुबा' शिकवत आणि ती शेजारच्या वर्गातून ऐकत असे. कुर्तुबा म्हणजे आजच्या स्पेनमधले कोर्दोबा.

आता कागदपत्रांचे. व्हिसाची मुलाखत आणि बोटांचे ठसे यासाठी आम्हाला मुंबईला जावे लागले. फी ९० युरो, आणि किमान ३०,००० युरोचा प्रवास विमा लागतो. पेन्शनचा आदेश, बँकेचे उतारे, आयकर विवरण, राहण्याचे आणि परतीचे बुकिंग, इतके नीट असले तर घाबरायचे कारण नाही. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. शेवटच्या पंधरवड्यावर ठेवू नये. गाडीसाठी आंतरराष्ट्रीय वाहन परवाना लागतो. तो आपल्याच आरटीओत मिळतो, फी १,००० रुपये, मुदत एक वर्ष. तिकडे तो एकटा चालत नाही, सोबत मूळ लायसन्स हवेच. भाड्याची गाडी घेताना जो चालवणार त्याच्याच नावाचे क्रेडिट कार्ड मागतात आणि त्यावर अनामत अडकवून ठेवतात. आमच्याकडे क्रेडिट कार्ड कधीच नव्हते. ते काढायला व्हिसापेक्षा जास्त वेळ लागला. वयाची वरची मर्यादाही कंपनीगणिक वेगळी असते, ती आधी विचारावी. गाडी ऑटोमॅटिकच घ्यावी. थोडे पैसे जास्त पडतात, पण स्टिअरिंग डावीकडे, गिअर उजव्या हाताला, रस्ता उजव्या बाजूचा, असे सगळे एकदम उलटे असताना एक गोष्ट तरी डोक्यातून कमी होते.

मुलाचा प्रश्न उरला होता. कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितले की मशीन लावून गाडी चालवायला हरकत नाही, आरसे जास्त वापरा. पण मोबाइलच्या नकाशातली बाई बोलते तीच नेमकी त्या उंच पट्टीत, जी मिलवाल्याच्या कानातून गेली आहे. तोडगा निघाला तो मिलमधून. मिलवाल्याने मास्तरिणीला मिलच्या खुणा शिकवल्या. नकाशा ती ऐकणार, पाहणार, आणि हात डॅशबोर्डच्या वर धरून खूण करणार. ती उजवीकडे बसणार असल्याने तिचा हात त्याच्या डोळ्याच्या कडेला कायम दिसतो. तिने शिक्षकी शिस्तीने गच्चीवर खडूने गोल चौक आखला, नातवाच्या खेळण्यातल्या गाड्या मांडल्या आणि नियम पाठ करून घेतला: चौकात फिरायचे ते घड्याळाच्या उलट, आणि आत आधीच फिरणाऱ्याला वाट द्यायची. चौकातून कितव्या फाट्याला बाहेर पडायचे ते बोटांनी. दोन बोटे, दुसरा फाटा. मग समृद्धी महामार्गावर मेहकरपर्यंत जाऊन आलो, दोनदा. तिथे कारला ताशी १२० ची मर्यादा आहे आणि स्पेनच्या मोठ्या रस्त्यांवरही तेवढीच. वेगाची भीती जालन्यातच उतरली. मुलाला व्हिडिओ पाठवला. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "अम्मी, तुम्ही ट्रॅफिक पोलीस दिसता."

बॅगेत धपाटे, लसणाची चटणी, खजूर आणि एक रिकामी बाटली. युरोपात मांसाचे आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, त्यामुळे शेजारणीने प्रेमाने दिलेले खव्याचे लाडू घरीच ठेवावे लागले. बाटली कशासाठी ते आपल्या वाचकांना सांगायला नको.

मालागा ते कोर्दोबा

ऑक्टोबरातल्या एका रविवारी आम्ही मालागाला उतरलो. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी गाडीला हात लावला नाही. रात्रभराच्या विमानानंतर लगेच गाडी घेऊन निघणारे लोक विमानतळावर दिसतात. साठीच्या माणसाने ते करू नये. सोमवारी नुसते पायी फिरलो आणि रस्त्याच्या कडेला उभे राहून गोल चौक पाहिले. लोक आमच्याकडे बघत होते. म्हातारा-म्हातारी अर्धा तास चौकात काय पाहतात, असे त्यांना वाटले असेल.

तिथली घड्याळे आपल्याला फसवतात. ऑक्टोबरच्या मध्यात सूर्य सव्वाआठनंतर उगवतो, म्हणजे फजरला सातनंतरही भरपूर वेळ असतो, आणि सूर्यास्त साडेसातच्या पुढे. दुकाने दुपारी बंद होतात, रात्रीचे जेवण नऊशिवाय कोणी वाढत नाही. मिलच्या पाळीवर शरीर घडलेल्याला हे रुचले नाही, पण प्रवाशाला कसर करता येतो, चार रकातींच्या दोन होतात. सुन्नतचे हे सोपेपण किती मोठी सवलत आहे ते गाडी रस्त्याकडेला लावून नमाज पढताना कळते.

मंगळवारी गाडी घेतली. पंपावर एक गोष्ट लक्षात ठेवावी: तिकडे 'गासोलेओ' म्हणजे डिझेल. पेट्रोल हवे असेल तर 'गासोलिना' आणि ९५ हा आकडा. मालागाहून उत्तरेला जाताना दोन रस्ते फुटतात. 'एपी' या अक्षरांनी सुरू होणारा टोलचा, 'ए' ने सुरू होणारा फुकटचा. आम्ही ए-४५ धरला. सुरुवातीला घाट आहे, पेद्रिसास नावाचा. पहिले दहा किलोमीटर मास्तरिणीचा हात सतत वर होता, आडवा तळवा, हळू. मागून येणारे चिडले असतील, पण कोणी हॉर्न वाजवला नाही. त्या सगळ्या दिवसांत आम्ही हॉर्न एकूण तीनदा ऐकला. म्हणजे एकीने ऐकला. मुलाच्या प्रश्नाचे उत्तर हे होते.

घाट संपल्यावर ऑलिव्हची झाडे सुरू झाली आणि ती संपेनात. ओळीत लावलेली, ठिबक टाकलेली, लाल मातीत. आपल्याकडे बदनापूर-अंबडकडे मोसंबीच्या बागा अशाच दिसतात, फक्त तिथे डोंगर चढून पलीकडे उतरतात. फलकांवरची नावे मास्तरीण मोठ्याने वाचत होती आणि हसत होती. नदीचे नाव ग्वादलकिविर, म्हणजे अल-वादी अल-कबीर, मोठी वादी. बेनाने सुरू होणारी गावे 'बनी'वाली, अमक्यांची वस्ती. साखर 'आसुकार', तांदूळ 'आरोस', कापूस 'आल्गोदोन', उशी 'आल्मोआदा'. अरबी अल् या सगळ्यांना चिकटून राहिला आहे. आणि वांगे 'बेरेनहेना'. हा शब्द अरबीत फारसीतून गेला, फारसीत आपल्या भूमीतून. तिकडच्या हॉटेलात तळलेल्या वांग्याच्या कापांवर काकवी घालून देतात. तिथे चार दिवसांत आम्ही तीन वेळा तेच खाल्ले. बाकी खाण्यात काळजी घ्यावी लागते. डुकराचे मांस सुपावर भुरभुरवलेले असते, चरबी गोड पदार्थातही असते. मास्तरिणीने वहीच्या पानावर "डुकराचे मांस नको, दारू नको" असे त्यांच्या भाषेत लिहून घेतले होते, ते पान दाखवले की वाढणारे समजूतदारपणे मान हलवत. कोर्दोबात मोरोक्कन लोकांची हलाल खाटीकखाने आणि छोटी हॉटेले आहेत.

मगरिबनंतर गाडी चालवायची नाही, हा आमचा पक्का नियम. त्या दिवशी तर असरच्या आधीच कोर्दोबात होतो. १६० किलोमीटरला आम्हाला साडेतीन तास लागले. नकाशा दोन तासांपेक्षा कमी दाखवत होता.

मस्जिदीत

सोमवार ते शनिवार सकाळी साडेआठ ते साडेनऊ या वेळात तिथे तिकीट लागत नाही आणि गटांना सोडत नाहीत. बुधवारी आम्ही त्या वेळी गेलो. नारिंगाच्या झाडांचे अंगण ओलांडून आत शिरलो तेव्हा उजेड नुकताच येत होता. खांब, आणि खांबांच्या मागे खांब. आठशेवर आहेत, मोजले जातात ८५६. प्रत्येकावर दोन कमानी, एकीवर एक, लाल वीट आणि पांढरा दगड असे पट्टे.

मिलवाल्याला त्यातली एक गोष्ट फार आवडली. अब्दुर्रहमान पहिला याने इसवी सन ७८५ च्या सुमारास बांधकाम सुरू केले तेव्हा खांब नवे घडवले नव्हते. पडलेल्या रोमन आणि जुन्या ख्रिस्ती इमारतींचे खांब गोळा केले. कुणी संगमरवरी, कुणी निळसर, उंची वेगवेगळी, म्हणून कुठे बैठक वर, कुठे खाली. आणि छताला ते सगळेच ठेंगणे पडत होते, म्हणून कमानीवर कमान चढवली. "म्हणजे भंगारच," तो म्हणाला, आणि ते कौतुकाने म्हणाला. जालन्याच्या माणसाला भंगाराची किंमत माहीत असते.

पुढे मेहराब. ती दहाव्या शतकातली, हकम दुसरा याच्या काळातली. तिच्यावरच्या सोनेरी काचतुकड्यांसाठी बायझंटाइन सम्राटाने कारागीर आणि माल पाठवला होता, असे जुने इतिहासकार लिहितात. ख्रिस्ती सम्राट मस्जिदीला कारागीर पाठवतो. आणि त्याच इमारतीच्या मधोमध पुढे, सोळाव्या शतकात, चर्च बांधायला घेतले तेव्हा कोर्दोबाच्या ख्रिस्ती नगरसभेने विरोध केला. १५२३ साली पाडकामाला हात लावील त्या मजुराला देहदंड, अशी दवंडी पिटवली. नगरसभेचे चालले नाही. चर्च उभे राहिले, आजही तिथे रोज प्रार्थना होते. १२३६ पासून ती इमारत चर्चच आहे.

मस्जिदीत शिरल्यावर बसण्याआधी दोन रकात पढायच्या, ही सवय पायांत मुरलेली असते. तिथे त्या पढता येत नाहीत. मुस्लिमांच्या नमाजला परवानगी नाही. १९३३ च्या जानेवारीत इकबाल इथे येऊन नमाज पढले, त्याचा फोटो अनेकांच्या घरात आहे. २०१० साली ऑस्ट्रियाहून आलेल्या काही तरुण पर्यटकांनी नमाजचा प्रयत्न केला तेव्हा झटापट होऊन प्रकरण अटकेपर्यंत गेले. आमचे मत विचाराल तर ती जागा आज दुसऱ्यांच्या इबादतीची आहे, आणि त्यांनी नको म्हटल्यावर तिथे चटई टाकणे आम्हाला योग्य वाटले नाही. पण वाईट वाटले नाही असे म्हणणे खोटे होईल. मेहराबीसमोर लोखंडी कठडा आहे. त्याच्यापाशी आम्ही उभे होतो. मास्तरिणीच्या डोळ्यांत पाणी आले आणि ती काहीतरी बोलली. तो आवाज मिलवाल्यापर्यंत गेला नाही. त्याने कानाकडे बोट केले. आतापर्यंत ती अशा वेळी "जाऊ द्या" म्हणत असे. तिथे इतकी शांतता होती की मोठ्याने बोलणेही शक्य नव्हते. तिने त्याचे मशीन त्याच्या खिशातून काढले, त्याच्या कानात बसवले आणि वाक्य पुन्हा म्हटले. वाक्य साधे होते: "आपल्या शाळेच्या भिंतीवर याचं चित्र होतं."

त्या क्षणानंतर मशीन खिशात गेले नाही. रिकाम्या, शांत जागी ते नीट चालते, हे त्याला तोवर माहीतच नव्हते. जालन्यात शांत जागा सापडत नाही.

त्या संध्याकाळी नदीवरच्या रोमन पुलावर बसलो होतो. काठाला जुने लाकडी राहाट उभे आहे, आल्बोलाफिया नावाचे. मास्तरिणीला औरंगाबादची पाणचक्की आठवली, डोंगरातल्या झऱ्याचे पाणी मातीच्या नळांनी आणणारी. मिलवाल्याला आठवला २०१२-१३ चा दुष्काळ, टँकरमागे धावणारी एमआयडीसी. पाण्यावर बोलत बसलो ते दोन तास. इतके सलग आम्ही कधी बोललो होतो ते आठवेना.

झहरा आणि पुढे

गुरुवारी सकाळी मदीना अझ-झहरा. कोर्दोबापासून आठेक किलोमीटर. अब्दुर्रहमान तिसरा याने ९३६ साली डोंगराच्या उतारावर ही राजनगरी वसवायला घेतली. गाडी खाली संग्रहालयापाशी लावायची आणि त्यांच्या बसने वर जायचे. संग्रहालयाच्या इमारतीला २०१० चा आगा खान वास्तुकला पुरस्कार मिळाला आहे. ती जमिनीत खोचलेली आहे, दुरून दिसतही नाही. उत्खनन १९११ पासून चालू आहे आणि अजून बहुतांश नगरी मातीखाली आहे.

हे वैभव कोणी मोडले? आपल्या भाषणांतून ऐकले तर वाटते, परकीयांनी. झहरा लुटली गेली ती १०१० च्या सुमारास, मुसलमान सत्ताधाऱ्यांच्या आपसातल्या यादवीत, त्यांच्याच सैनिकांच्या हातून. कोर्दोबा कायमचे ख्रिस्ती सत्तेखाली जायला त्यानंतर सव्वादोनशे वर्षे होती. कोर्दोबाचा इब्न रुश्द म्हातारपणी हद्दपार झाला आणि त्याची पुस्तके जाळली गेली, तेही एका मुस्लिम बादशहाच्या राज्यात. इब्न मैमून या ज्यू विद्वानाच्या घरालाही त्याच घराण्यामुळे शहर सोडावे लागले. आज दोघांचे पुतळे त्या शहरात आहेत. मास्तरिणीचे म्हणणे असे की पाठ्यपुस्तकात सुवर्णकाळाचा धडा असतो तेव्हा या गोष्टीही त्याच पानावर हव्यात.

झहराशी ज्याचे नाव जोडलेले आहे तो शल्यवैद्य अबुल कासिम अझ-झहरावी, त्याच्या ग्रंथात शस्त्रक्रियेच्या हत्यारांची चित्रे आहेत. चिमटे, आकडे, करवती. संग्रहालयात मिलवाला लोखंडी वस्तूंसमोरच जास्त रेंगाळला. बिजागऱ्या, खिळे, दरवाज्यांचे पत्रे. मास्तरीण नक्षीदार दगडांसमोर. घाई करणारा गाईड नव्हता, कुणीही कुणाला ओढले नाही.

दुपारी ग्रानादाकडे निघालो. एन-४३२ हा जुना, एकपदरी रस्ता आहे, मर्यादा ताशी ९०. बाएना, आल्काला ला रेआल, टेकडीवर गढी आणि खाली पांढरी घरे, आणि पुन्हा ऑलिव्ह. हा रस्ता मोठ्या रस्त्यापेक्षा सोपा गेला असे कोणाला वाटेल, पण नाही. समोरून येणारा ट्रक डाव्या बाजूने जातो हे डोक्याला माहीत असते, हातांना नसते. मास्तरिणीने नवी खूण काढली, समोर ट्रक दिसला की उजव्या खांद्यावर दोन टिचक्या, उजवीकडे राहा. ही खूण मिलमध्ये नव्हती. अर्ध्या वाटेत आडवाटेला गाडी थांबवून झाडाखाली जोहर आणि असर कसर पढलो. दोन शेतकरी ट्रॅक्टरवरून गेले. त्यातल्या एकाने टोपी काढून हात केला.

ग्रानादाच्या जुन्या भागात रहिवाशांशिवाय इतरांच्या गाड्यांना मज्जाव आहे आणि कॅमेरे नंबर टिपतात, दंड नंतर घरपोच येतो. म्हणून गाडी शहराबाहेर ठेवली आणि छोट्या लाल बसने वर गेलो. अलहंब्राचे तिकीट पासपोर्टच्या नंबरावर, वेळेसकट, निघण्याआधीच काढले होते. ऐनवेळी ते मिळण्याची आशा धरू नये. ते शनिवारचे होते, म्हणून त्याबद्दल पुढे कधी.

शुक्रवारी जुम्यासाठी आल्बाइसीनच्या टेकडीवर चढलो. त्या वस्तीतल्या दगडी बोळांतून दर पन्नास पावलांवर थांबत. वर अलहंब्रासमोर पांढऱ्या भिंतींची मस्जिद आहे. २ जानेवारी १४९२ ला गरनाता पडले. त्यानंतर शहरात नवी मस्जिद बांधून उघडली ती २००३ च्या जुलैत. जागा घेतल्यापासून परवानग्या आणि विरोध यांत वीसेक वर्षे गेली. ती उभी करण्यात स्पेनमधल्याच इस्लाम स्वीकारलेल्या लोकांचा पुढाकार होता. बागेत डाळिंबाची झाडे. ग्रानादा या शब्दाचा त्यांच्या भाषेत अर्थच डाळिंब. आम्ही लवकर पोचलो, दोन वाजायला अवकाश होता. बागेच्या कठड्यावर बसून राहिलेले धपाटे काढले. शेजारी एक मोरोक्कन आजी बसली होती. तिला चटणी तिखट लागली, तरी तिने दुसऱ्यांदा घेतली.

तिथे अजान मिनारावरून माणूस स्वतः देतो. आम्ही ऐकली ती बिनभोंग्याची. आवाज लहान होता आणि वारा होता. मिलवाला समोरच्या लाल बुरुजांकडे पाहत चटणीचा डबा बंद करत होता. मास्तरिणीने त्याच्या बाहीला हात लावला, आणि तोंडाने काही न बोलता कानाजवळ हात नेऊन हलवला. तो हसला, चप्पल पायात सरकवली आणि वुजूच्या नळांकडे निघाला.